कंबरेच्या गादीचं ऑपरेशन: गुण आला की नाही, हे कसं मोजायचं

डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं की आपल्याकडचा माणूस ‘बरां आसा’ म्हणून मोकळा होतो आणि घरी येऊन कुरकुरतो. त्यापेक्षा आकडे लिहा, आणि सुरुवात ऑपरेशनच्या आधी करा.

वहीत दोन रकाने आखा, पाय आणि कंबर. दोन्हीकडचं दुखणं 0 (काहीच नाही) ते 10 (असह्य) मध्ये वेगवेगळं लिहायचं, कारण ऑपरेशनमध्ये मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा (डिस्कचा) नस दाबणारा तुकडा काढतात. मांडीतून पोटरीत उतरणारी कळ त्यामुळे बहुधा लवकर थांबते. झिजलेली गादी मात्र जागेवरच असते, म्हणून कंबर थोडीफार दुखत राहू शकते. बधिरपणा आणि पावलातली कमजोरी जायला महिने लागतात, कधी थोडी उरतेही. कंबरदुखी जाईल या आशेने ऑपरेशन केलेला माणूस इथेच नाराज होतो.

हीच नोंद 6 आठवड्यांनी, 3 महिन्यांनी आणि वर्षाने करा. सोबत फिजिओथेरपिस्टकडून ऑस्वेस्ट्री प्रश्नावली घ्या, कंबरदुखीमुळे रोजची कामं किती अडतात हे मोजणारी. 10 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 5 गुण. बेरजेची दुप्पट म्हणजे टक्के, कमी तेवढं बरं. शरीरसंबंधांचा प्रश्न घरच्यांसमोर कोराच राहतो. मग उरलेल्या 9 प्रश्नांच्या बेरजेला 45 ने भागून 100 ने गुणा. आधीच्या आणि आताच्या टक्क्यांत 10 चाही फरक नसेल, तर त्याला सुधारणा म्हणू नका. विचारणारा शक्यतो ऑपरेशन करणारा डॉक्टर नसावा.

प्रश्नावलीत भाताची लावणी नाही, घळ (जाळी लावलेली लांब काठी) घेऊन आंबे काढणं नाही, गणपतीत मांडी घालून भजनाला बसणं नाही. यातलं काय जमायलाच हवं, ते सर्जनना आधीच सांगा आणि कुठलं काम कधीपासून, किती किलोपर्यंत, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. चालणं लगेच सुरू होतं. पहिले काही आठवडे वाकून उचलणं बंद. विहिरीवरची भरलेली कळशी तर नकोच. पावसाळ्यात जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांना आधी ब्रश मारून घ्या.

गेलेली कळ परत आली तर गादी त्याच जागी पुन्हा सरकलेली असू शकते, दाखवून घ्या. ताप किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी फोन करा. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. 108 बोलवा आणि जिथे एमआरआय व मणक्याचा सर्जन दोन्ही आहेत, तिथे हलवायला सांगा.