‘ब्लू वेल्व्हेट’ कानांनी कसा पाहावा

डेव्हिड लिंच यांचा ‘ब्लू वेल्व्हेट’ (१९८६) रहस्यपट म्हणून पाहायला बसणारा प्रेक्षक सवयीने गुन्हेगाराचा माग काढू लागतो आणि त्याची पंचाईत होते, कारण पहिला तास सरण्याआधीच गुन्हेगार समोर येऊन उभा राहतो. मग उरलेला वेळ कशाकडे लक्ष द्यायचे? माझ्या अनुभवाने याचे उत्तर एकच आहे: या चित्रपटात कोणाला काय ऐकू आले आणि कोणाला काय ऐकू आले नाही, याचा हिशेब ठेवावा.

त्यासाठी आधी थोडी तयारी लागते. मी पहिल्यांदा हा चित्रपट भर उन्हाळ्यात, पंख्याच्या घरघरीत, लॅपटॉपच्या किरट्या स्पीकरवर पाहिला आणि त्यातला निम्मा ऐवज गमावला. तेव्हा चांगले हेडफोन लावावेत किंवा रात्री घर शांत झाल्यावर बसावे. ॲलन स्प्लेट यांनी घडवलेल्या ध्वनीत यंत्रांची खोल गुणगुण आणि वाऱ्यासारखा घोंगावता आवाज इतक्या हलकेच येतात की गोंगाटात ते कळतही नाहीत. चित्रचौकट खूप रुंद आहे, म्हणून टीव्हीवरचे ‘झूम’ बंद करावे आणि शक्यतो मोबाइलवर पाहू नये. लांबी सुमारे दोन तासांची आहे. मध्ये थांबू नये. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यात स्त्रीवरील लैंगिक हिंसाचाराची दृश्ये आहेत आणि ती सौम्य नाहीत. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहण्याचा हा चित्रपट नव्हे, आणि ज्यांना अशा दृश्यांचा त्रास होतो त्यांनी तो पाहिला नाही तरी काही बिघडत नाही.

कथा लंबरटन नावाच्या गावात घडते. या नावाचे खरे गाव अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहे. चित्रीकरण मात्र त्याच राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात झाले. पडद्यावरचे गाव लाकडाच्या धंद्यावर जगणारे आहे, इतके की तिथल्या रेडिओवर वेळ सांगताना झाड कोसळल्याचा आवाज ऐकवतात. हा विनोद निसटू देऊ नये, कारण गावकऱ्यांच्या कानांना काय अंगवळणी पडले आहे ते त्यातून कळते.

पहिली काही मिनिटे दोनदा पाहावीत. निळे आकाश, पांढरे लाकडी कुंपण, लाल गुलाब, बंबावरून हात हलवणारा अग्निशामक दलाचा माणूस, आणि त्यावर बॉबी व्हिंटनचे १९६३ सालचे मधाळ गाणे. मग एक गृहस्थ हिरवळीला पाणी घालताना दिसतो. नळी झुडपात अडकते, तिला पीळ पडतो, नळातून येणारा फुसफुसाट वाढत जातो, आणि तो मानेला हात लावून कोसळतो; पाणी मात्र उडतच राहते आणि कुत्रा त्या धारेवर तोंड टाकत राहतो. त्यानंतर कॅमेरा गवताच्या मुळाशी शिरतो. दुसऱ्या वेळी हाच भाग डोळे मिटून ऐकावा. गाणे हळूहळू बुडत जाते आणि त्याच्या जागी भुंगेऱ्यांचे कुरतडणे कानात भरते. गावाखालच्या काळोखाची ओळख लिंच यांनी अशी, एकही संवाद न वापरता करून दिली आहे.

आजारी वडिलांसाठी गावी परतलेला जेफ्री (काइल मॅकलॅकलन) मोकळ्या रानात मुंग्या लागलेला मानवी कान पाहतो आणि तो कागदी पिशवीत घालून पोलीस अधिकाऱ्याकडे नेतो. इथून पुढे वही जवळ असावी. त्या अधिकाऱ्याची मुलगी सँडी (लॉरा डर्न) हिची खोली वडिलांच्या कामाच्या खोलीवर आहे, म्हणून तिच्या कानांवर गोष्टी येतात. तपासाची सुरुवात या चोरट्या ऐकण्यातून होते. पुढे जेफ्री गायिका डोरथी (इझाबेला रोसेलिनी) हिच्या घरात चोरून शिरतो. सँडी गाडीचा भोंगा वाजवून सावध करते, पण नेमक्या त्याच क्षणी तो संडासात पाणी सोडतो आणि भोंगा त्याला ऐकू येत नाही. प्यायलेल्या बिअरने केलेला हा घोटाळा हास्यास्पद आहे, आणि पुढचे सगळे भयानक त्यातूनच घडते.

जेफ्री कपड्यांच्या कपाटात लपतो, तो प्रसंग मात्र घाई न करता पाहावा. दाराच्या फटींतून तो आधी डोरथीला आणि मग गुन्हेगार फ्रँकला (डेनिस हॉपर) पाहतो. फ्रँकचा मुखवट्यातून ओढलेला श्वास ऐकताना कॅमेरा कोठे आहे ते तपासावे: तो बहुतांशी जेफ्रीजवळ, म्हणजेच आपल्याजवळ आहे. हा मुलगा शोध घेतो आहे की त्याला चोरून पाहण्याची चटक लागली आहे, अशी शंका सँडी बोलून दाखवते. माझ्या मते चित्रपटाचे खरे रहस्य तेच आहे, आणि फ्रँक हे त्याचे अर्धेच उत्तर.

पुढे बेन (डीन स्टॉकवेल) कामाचा दिवा तोंडाशी धरून रॉय ऑर्बिसनच्या गाण्यावर ओठ हलवतो, तेव्हा आवाज एकाचा आणि तोंड दुसऱ्याचे ही गंमत वहीत टिपून ठेवावी. शेवटच्या झटापटीतही डाव फिरतो तो पोलिसांच्या वायरलेसवर कोण काय ऐकतो यावर. त्याहून अधिक सांगून मजा घालवत नाही.

कापलेले प्रसंग आधी पाहू नयेत. १९८४ च्या ‘ड्यून’ या भव्य चित्रपटाच्या अपयशानंतर लिंच यांनी कमी मानधन आणि कमी खर्च पत्करून अंतिम संकलनाचा हक्क मिळवला होता, त्यामुळे पडद्यावर उरले ते त्यांनी निवडलेलेच आहे. वगळलेला सुमारे पन्नास मिनिटांचा भाग २०११ मध्ये बाहेर आला. तो दुसऱ्या पाहणीनंतर काढावा. त्याच सुमारास अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांचे परीक्षणही वाचावे. रोसेलिनी यांना ज्या अवस्थेत दाखवले त्यावर संतापून त्यांनी एकच तारा दिला होता. उलट लिंच यांना दिग्दर्शनासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. ईबर्ट यांचा आक्षेप मला आजही पूर्ण खोडून काढता येत नाही.

शेवटी कॅमेरा एका कानातून बाहेर येतो. खिडकीत रॉबिन पक्षी बसलेला असतो, चोचीत किडा, आणि तो खोटा आहे हे सहज ओळखू येते. त्यावर हसून मोकळे होऊ नये. शेजारी जेफ्रीची ‘आंट’ बार्बरा उभी आहे. ती आत्या की मावशी, हे इंग्रजी आपल्याला सांगत नाही. किडा खाणे आपल्याला कधीच जमणार नाही, असे ती म्हणते, आणि लगेच तोंडात घास टाकून चावू लागते.