कॉलेजच्या जुन्या इमारतीचा इतिहास कसा शोधावा

आधी कागदांच्या मागे लागू नका, इमारतीत हिंडा. मी भिंतीवर टॉर्चचा तिरपा झोत टाकून सुरुवात करतो. बुजवलेलं दार लगेच उठून दिसतं: गिलाव्यात चौकटीएवढी पुसट रेघ, आणि बोटाने ठोकलं तर आवाज बदलतो. मग फरशी बघा. सिमेंटने बुजवलेली भोकं सरळ ओळीत असतील तर तिथे बहुतेक प्रयोगशाळेची टेबलं होती, आणि भोकं पाण्याच्या, गॅसच्या नळ्यांची. पायऱ्यापायऱ्यांची खोली म्हणजे व्याख्यानाचा वर्ग, आज तिथे खोकी का रचलेली असेनात.

पण घाई नको. उत्तरेच्या मोठ्या खिडक्या बघून मी एकदा ‘चित्रकलेचा वर्ग’ ठरवून मोकळा झालो. निघाली सूक्ष्मदर्शकांची प्रयोगशाळा. थेट ऊन दोघांनाही नकोच असतं!

आता कागद: बांधकामाचे नकाशे, वार्षिक अहवाल. माझं लाडकं मात्र डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. खाटा खोडून बाकं लिहिली, की वसतिगृहाचे वर्ग झालेच समजा.

शेवटी जुन्या शिपायांना गाठा. ‘इथे काय होतं?’ असं विचारू नका. ‘या खोलीला तुम्ही काय म्हणायचात?’ असं विचारा.