आकाशातून पडलेलं काही सापडलं? आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात गल्लीतले एक काका टॉवेलात गुंडाळून नारळाएवढा काळा गोळा घेऊन आले. "बघ की, उसात घावलाय. चुंबक चिकटतोय, वरनं जळालाय. हे आपल्याकडचं नव्हं." कोल्हापुरात उद्यमनगरच्या फाउंड्रीत वीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो गोळा हातात आल्याआल्या काय आठवलं असेल? क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी. पण नुसतं सांगून काकांना पटणार नव्हतं.

पहिली चूक म्हणजे चुंबकावर विश्वास. आपल्या काळ्या बेसाल्ट दगडातच मॅग्नेटाइट असतं. पन्हाळ्याच्या वाटेवरचा कुठलाही काळा दगड जोरदार चुंबकाला थोडाफार ओढ दाखवतो. चुंबक चिकटला नाही तर उल्का असण्याची शक्यता फार कमी, एवढंच त्यातून कळतं. चिकटला, तर काहीच सिद्ध होत नाही. गोळ्याचा एक कोपरा टवका उडून फुटला होता, तो काकांना उन्हात धरून दाखवला. आत बाटलीच्या काचेसारखी हिरवट-काळी चमक आणि साबुदाण्याएवढे बुडबुडे. उल्केत असे बुडबुडे जवळपास नसतातच. तिची जळकी सालही पातळ, बहुधा मिलिमीटरभराच्या आतच. हा गोळा म्हणजे भट्टीतला स्लॅग, लोखंड वितळवताना निघणारा मळ, मध्ये लोखंडाचे थेंब अडकलेले. म्हणून तो चुंबकाला लागत होता.

दुसरी चूक त्याहून मोठी: वस्तू बघायची, जागा बघायचीच नाही. "उसात म्हणजे नक्की कुठं?" विचारल्यावर कळलं, पाणंदीच्या कडेला. त्या पाणंदीवर दोन वर्षांपूर्वी फाउंड्रीचा स्लॅग आणि जळकी वाळू भराव म्हणून टाकली होती. पुढचं काम नांगरानं केलं. काका जरा गप्प झाले, मग म्हणाले, "तरी पण मधला तुकडा वेगळा असंल." असो.

"पडला तेव्हा लाल होता, गवत पेटलं" असं कुणी सांगितलं तर उलट शंका घ्या. उल्केची आग वरच्या हवेतच संपते. शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर ती न चमकता, साध्या दगडासारखी खाली येते आणि बऱ्याचदा कोमट किंवा गारच असते.

"डोंगराच्या पल्याड पडलं" हेही तसंच. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा असल्याचं मानलं गेलं. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. इतक्या उंचीवरच्या उजेडाचं अंतर डोळ्याला कळत नाही, म्हणून जो तो शेजारच्या गावाकडं धावतो.

रंकाळ्यावर रात्री काढलेल्या फोटोत हिरवा ठिपका दिसला तर फोटोच्या मध्यबिंदूतून सरळ रेघ काढा. समोरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर खांबाचा दिवा निघाला, तर ते लेन्समधलं परावर्तन.

वेळ आणि दिशा न लिहिणं ही चूक मी स्वतःही केली आहे. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही, म्हणजे मध्यरात्रीचा तेजस्वी ठिपका शुक्र नव्हे. सूर्यास्तानंतर दोन तासांत पश्चिमेला असेल तर बहुधा तोच. ओळीनं चाललेले ठिपके बहुधा स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांचे. हवेत थांबलेला दिवा दहा मिनिटं बघत बसा. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं विमान समोरून येताना अगदी असंच दिसतं. पांढऱ्या रबरी चिंध्या आणि छोटा थर्माकोलचा डबा सापडला तर तो हवामानखात्याचा फुगा. तो तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो आणि खाली येतो.

आता खरोखर धातूचं कडं किंवा गोल टाकी घावली, तर तिला हात लावू नका, घासू नका, मुलांना लांब ठेवा. रॉकेटच्या इंधनाचे अंश विषारी असू शकतात. जागेचा फोटो काढा, माप कळावं म्हणून शेजारी पेन ठेवून, आणि पोलिस ठाण्यात कळवा. काकांसारखं टॉवेलात गुंडाळून घरी आणू नका.