प्रो ४००एच गेली, आता कॅमेऱ्यात काय भरायचं?

फुजीने जानेवारी २०२१ मध्ये प्रो ४००एच ही आपली रंगीत निगेटिव्ह फिल्म बंद केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून जो तो "कोडॅकची पोर्ट्रा ४०० घे की" म्हणून मोकळा होतो. पोर्ट्रा उत्तमच आहे, पण ती ४००एच नाही. ४००एचमध्ये नेहमीच्या तीन रंगसंवेदी थरांच्या जोडीला चौथा थर होता, त्यामुळे ट्यूबलाइटची हिरवट झाक बरीच आटोक्यात राहायची. शिवाय एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड दिला की रंग फिके, थंड, पेस्टल व्हायचे. यातलं तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा.

मग पोर्ट्रा ४००, पोर्ट्रा १६० आणि ३५ मिमी वापरत असाल तर कोडॅकचीच अल्ट्रामॅक्स ४०० असा एकेक रोल आणा. मुदत संपलेली ४००एच चढ्या भावाने घेऊ नका. उन्हाळे काढलेल्या रोलचे रंग कुठे गेलेत, ते धुतल्यावरच कळतं. रेमजेटचा काळा थर असलेली सिनेमाची फिल्मही नेहमीच्या सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची रासायनिक पद्धत) लॅबला देऊ नका, त्यांचं मशीन घाण होईल.

तोच चेहरा, तीच झाडं, तीच लेन्स, तोच उजेड. दर रोलवर मीटरप्रमाणे एक फ्रेम, मग एक स्टॉप जास्त, मग दोन. प्रत्येक फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात ते राखाडी कार्ड, हवंच.

आता खरी गोम स्कॅनिंगची. मी पहिल्यांदा तिन्ही रोल लॅबला दिले, आलेले स्कॅन शेजारी लावले आणि 'पोर्ट्रा पिवळी' असा निकाल देऊन टाकला. वर्षभर तिला हात लावला नाही. पुढे त्याच निगेटिव्ह घरी स्कॅन केल्या तर निम्मा पिवळेपणा गायब! मी फिल्मची नाही, स्कॅनरवर बसलेल्या माणसाच्या आवडीची परीक्षा घेत होतो. त्यात ऑटो करेक्शन चालू असलं की एक आणि दोन स्टॉपमधला फरकही पुसला जातो.

म्हणून तुमची जुनी, आवडती ४००एचची निगेटिव्ह काढा आणि नव्यांच्या बरोबरीने एकाच बैठकीत, एकाच स्कॅनरवर, ऑटो सगळं बंद ठेवून स्कॅन करा. प्रत्येक फिल्मची नारिंगी झाक वेगळी असते. ती दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरून वजा करा. नंतर ग्रे कार्ड राखाडी होईल एवढंच जुळवा आणि थांबा. कॉन्ट्रास्टला बोट लावलंत की तुलना संपली. जुन्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड नसेल तर एखादी राखाडी भिंत किंवा डांबरी रस्ता शोधा. तेही नसेल तर पांढरा सदरा चालवून घ्या, पण निळीचा नको.

यानंतर त्वचा, हिरवळ आणि सावल्या एवढंच बघा. त्वचेत पोर्ट्रा बहुधा पुढे असेल, हिरव्यात ४००एचची आठवण येईल.

मी सध्या पोर्ट्रा ४००, मीटर आयएसओ २०० वर लावून, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड देऊन वापरतो आणि स्कॅनमध्ये पिवळा किंचित काढतो. ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये मात्र सरळ फ्लॅश.