आखूड केसांच्या कुत्र्यासाठी ब्रश निवडताना

केस आखूड असले म्हणजे ते कमी गळतात, हा समज लॅब्रॅडॉर किंवा पग पाळणाऱ्याच्या घरातील सोफा पाहिल्यावर टिकत नाही. ब्रश घेण्यापूर्वी कुत्र्याच्या पाठीवरील केस उलट्या दिशेने सारून पाहावेत. वरच्या राठ केसांखाली मऊ, दाट लव दिसली, तर आवरण दुहेरी आहे असे समजावे. लॅब्रॅडॉरमध्ये ही लव हमखास आढळते, बॉक्सरमध्ये जवळपास नसतेच.

दोन्ही प्रकारांसाठी पहिली खरेदी रबरी ब्रशचीच असावी. त्याची बोथट, लवचीक टोके त्वचा न ओरबाडता सुटलेले केस वर आणतात. तो हलक्या हाताने गोलाकार फिरवावा आणि नंतर दाट तंतूंचा ब्रश केसांच्या दिशेने फिरवून ते उचलून घ्यावेत. लव असलेल्या कुत्र्यासाठी बारीक धातूच्या दातांचे डिशेडिंगचे, म्हणजे सुटलेली लव काढण्याचे, साधन उपयोगी पडते, परंतु ते अधूनमधून आणि मोजकेच फिरवावे, कारण एकाच जागी वारंवार ओढल्यास केस तुटतात व त्वचा सोलवटते. दुकानदार आग्रहाने दाखवतो तो तारांचा स्लिकर ब्रश लांब केसांसाठी ठीक. इथे तो टाळावा.

मुंबईच्या पावसाळ्यात अंग पूर्ण कोरडे केल्यावरच ब्रश करावा, आणि हे काम बाल्कनीत करायचे असल्यास खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांकडे आधी पाहावे. चट्टे, सततची खाज किंवा टक्कल दिसल्यास मात्र ब्रश बाजूला ठेवून पशुवैद्यांना दाखवावे.