काळ्या जमिनीतली ओल हाताने कशी ओळखावी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी बहुतेक वेळा लाइटच्या वेळेवर ठरतं. लाइट आली, मोटर चालू, गेली, बंद. त्यात कोणी तरी सांगतं, 'उन्हाळ्यात ठिबक रोज इतके तास चालवा.' तुमची माती हातात न घेता तास सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पुढचं पाणी देण्याच्या आधी शेतात जा. माती काढायचं गिरमिट असेल तर उत्तम, नाही तर कुदळ-खुरपं चालतं. बांधाजवळची किंवा चारीलगतची जागा टाळा. ठिबक असेल तर ड्रिपरच्या थेट खाली खणू नका, वीतभर बाजूला खणा. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-सव्वा फुटात असतात, तिथपर्यंत जा. कपाशीसाठी दोन फूट.

वरची चार बोटं माती फेकून द्या. ती पांढरी पडली म्हणून पाणी सोडणारे खूप आहेत आणि खाली चिखल असतो. उलटंही होतं. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, छिद्रं बुजतात, मग तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी खाली उतरतं. जोराच्या पावसानंतर वर तळं आणि फूटभर खाली कोरडं, हे त्यामुळेच. पाटपाण्यात आणखी एक भानगड असते. भेगाळलेल्या जमिनीत पहिलं पाणी भेगांतून सरळ खाली पळतं आणि ढेकळाचा गाभा कोरडाच राहतो. म्हणून भेगेच्या कडेची माती घेऊ नका, ढेकूळ फोडून आतली घ्या.

आता खरं काम. लिंबाएवढी माती घ्या, चुनखडीचे खडे काढा, मूठ घट्ट आवळा आणि सोडा. इथे बहुतेकांचं चुकतं. गोळा झाला, म्हणजे ओल आहे, असं समजून घरी जातात. काळ्या मातीत गोळा होणं पुरेसं नाही! भारी काळी माती भरपूर पाणी धरते, पण त्यातलं साधारण निम्मं कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं, की मुळांना ते ओढता येत नाही. पीक कोमेजलं तरी माती हाताला गार लागते. हा गारवा फार फसवतो.

म्हणून गोळ्यानंतर पट्टी करा. माती अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे सरकवत चपटी करत जा. पट्टी सहज लांबत गेली आणि बोटं माखली, तर पाणी देऊ नका. गोळा गुळगुळीत झाला, त्यावर बोटांचे ठसे उठले, पट्टी निघाली पण बोटांवर ओलीचा हलकाच डाग राहिला, तर पाण्याची वेळ जवळ आली. गोळा कसाबसा झाला, पट्टी निघेना, बोटं स्वच्छ राहिली, तर तुम्हाला उशीर झालाय. ढेकूळ बोटांनी फुटतच नसेल, तर विचारायचं काही उरलं नाही.

हा हिशेब साक्रीकडच्या हलक्या, मुरमाड जमिनीला लावू नका. तिथे चिकण कमी, पट्टी कधीच निघत नाही. नुसता गोळा टिकला, तरी पिकाला पाणी मिळतंय असं समजा. मात्र साठाच कमी, म्हणून तिथे पाणी थोडं आणि लवकर लवकर द्यावं लागतं.

टेन्शिओमीटर, म्हणजे मातीत रोवून ओल दाखवणारं यंत्र, बसवायचा असेल तर बसवा, पण काळी माती आकसली की ती त्याच्या टोकापासून सुटते आणि आकडा बिघडतो. एप्रिल-मेमध्ये त्याच्या आकड्यापेक्षा मी मुठीवर जास्त विश्वास ठेवतो.

पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी तिथेच जवळ पुन्हा खणून पाहा. भारी जमिनीत जादाचं पाणी निथरायला तेवढा वेळ लागतो. तेव्हाची मूठ लक्षात ठेवा, तीच तुमच्या शेताची भरलेली टाकी. मुळांच्या खालीही तितकीच ओल लागली, तर पुढच्या वेळी मोटर लवकर बंद करा.

निघताना खड्डा थराथराने दाबून बुजवा. तो उघडा राहिला तर पुढचं पाणी त्यातूनच खाली जाईल आणि तिथली ओल खोटी दिसेल.