मांजराचं जेवण: किती वेळा आणि किती ग्रॅम

मोठ्या मांजराला दिवसातून दोनदा, पिल्लाला चारदा. वेळांचं एवढं सोपं आहे. घोळ होतो तो ‘किती’ इथे, कारण आपल्याकडे मांजराचं खाणं मुठीने घालतात, नाहीतर ते ओरडेल तितकं घालतात. मी रत्नागिरीत राहते. घरात मन्या बोका, चिंगी आणि यंदाच्या उन्हाळ्यात आलेली छोटी ठकू अशी तीन मांजरं आहेत. तिघांचं खाणं मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजते, आणि मांजर असलेल्या प्रत्येक घरात हा काटा हवाच असं माझं ठाम मत आहे. एकाच वाटीने ड्राय फूड काढलं तरी कधी ५० ग्रॅम येतं, कधी ७०. आपल्याला वीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण चार किलोच्या मांजराच्या दिवसाच्या खाण्याचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा झाला.

आधी मांजराचं वजन

प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा छोटा काटा मिळतो, तो घ्या. जाड कापडी पिशवीत मांजर ठेवायचं, डोकं बाहेर राहू द्यायचं आणि पिशवी जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलायची. पिशवीचं वजन नंतर वजा करायचं. मांजराला उचलून घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहिलं तरी चालतं, पण त्यात शे-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो, आणि मांजराच्या बाबतीत तेवढाही महत्त्वाचा असतो.

आता हिशेब. फोनवरचं कॅल्क्युलेटर पुरतं. मन्याचं वजन ४ किलो. ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे ६४. त्याचं वर्गमूळ ८, आणि ८ चं पुन्हा वर्गमूळ २.८३. त्याला ७० ने गुणलं की येतात १९८. मन्या दिवसभर नुसता लोळत राहिला तरी त्याच्या शरीराला एवढ्या कॅलरी लागतातच. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे आणि तो घराबाहेर फारसा जात नाही, म्हणून या आकड्याला १.२ ने गुणायचं. झाल्या २३८ कॅलरी. ऑपरेशन न झालेल्या मोठ्या मांजराला १.४ ने गुणतात, वाढत्या पिल्लाला २.५ ने. वजन वाढायला लागलेलं असेल तर १९८ वरच थांबायचं.

आमच्या ड्राय फूडच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी लिहिल्या आहेत. म्हणजे मन्याला दिवसाला साधारण ६४ ग्रॅम, सकाळी ३२ आणि संध्याकाळी ३२. बऱ्याच पाकिटांवर आकडा किलोमागे छापतात, ३७०० असा, तेव्हा नीट वाचा. ऊर्जा छापलेलीच नसेल तर पाकिटामागच्या तक्त्यातला वजनानुसार दिलेला आकडा घ्या, आणि मांजर घरबशं असेल तर त्यातलाही कमीचा. ओल्या खाण्याचं ८५ ग्रॅमचं पाऊच साधारण ७० कॅलरींचं असतं. मन्याला एक पाऊच दिलं की त्या दिवशी ड्राय फूड ४५ ग्रॅमवर आणते. हे वजा करणंच लोक विसरतात. पाऊचला ‘खाऊ’ समजतात आणि ड्राय फूड आहे तेवढंच ठेवतात.

हिशेबाचा आकडा ही सुरुवात झाली, पुढचं हाताने बघायचं. दोन्ही तळवे मांजराच्या बरगड्यांवरून हलके फिरवा. आपल्या हाताचा पंजा सपाट धरून पंजाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी जाणवतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील तर खाणं जास्त होतंय, टोचत असतील तर कमी पडतंय. वरून पाहिलं की कंबर थोडी आत गेलेली दिसावी. पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी पाहून मात्र घाबरू नका, ती सडपातळ मांजरांनाही असते. फरक करायचा तो दहा टक्क्यांनी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा वजन बघायचं. जाड मांजराचं खाणं एकदम निम्म्यावर आणायचं नाही, ते का ते शेवटी सांगते.

ऑपरेशननंतर मांजराची गरज साधारण पाव हिश्श्याने कमी होते आणि भूक मात्र वाढते. बोके गोल व्हायला लागतात ते इथेच. ऑपरेशन झाल्याच्या आठवड्यापासूनच नवा हिशेब लावा.

सगळ्या घराचा मिळून एक डबा

तुम्ही कितीही मोजा, घरात चार माणसं असतील तर मांजराला चार ठिकाणाहून मिळतं. यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे दिवसाचा डबा. सकाळी मन्याचे ६४ ग्रॅम एका स्टीलच्या छोट्या डब्यात मोजून ठेवते. ज्याला मन्याला खायला घालायचंय त्याने त्या डब्यातूनच घालायचं.

“अगं, केव्हाचा ओरडतोय, काहीतरी घाल त्याला,” सासूबाई म्हणतात.

“आई, डब्यात आहे का बघा.”

डब्यात असेल तर त्या चार दाणे घालतात, त्यांनाही बरं वाटतं आणि मन्यालाही. डबा रिकामा असेल तर दोरी घेऊन त्याच्याशी खेळायचं. मांजराचं ओरडणं दरवेळी भुकेचं नसतं, पुष्कळदा कंटाळ्याचं असतं.

दोन वेळा हा किमान नियम झाला. डब्यातलंच चार वेळा विभागून दिलं तर आणखी चांगलं, कारण मांजराचं पोट मुळात थोडंथोडं खाण्यासाठी बनलेलं आहे. एका उंदरातून जेमतेम ३० कॅलरी मिळतात. शिकारीवर जगणारं मांजर दिवसाकाठी असे आठ-दहा लहान घास खातं. पहाटे पाचला उठवणारं मांजर असेल तर डब्यातले दहा ग्रॅम रात्री झोपताना द्या, फरक पडतो. ताटली दिवसभर भरून ठेवायची पद्धत मात्र मला ऑपरेशन झालेल्या घरगुती मांजरासाठी अजिबात पसंत नाही. त्यात कोण किती खातंय ते कळत नाही आणि आजारी मांजराने खाणं सोडलेलंही लक्षात येत नाही. एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर ताटल्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. चिंगी सावकाश खाते आणि मन्या आपलं संपवून तिच्यावर डोळा ठेवतो, म्हणून ती माजघरात जेवते आणि तो पडवीत.

पिल्लू

एक किलोच्या ठकूला दिवसाला १७५ कॅलरी लागतात, म्हणजे चौपट वजनाच्या मन्यापेक्षा फार कमी नाही. पण पोट एवढंसं. म्हणून पिल्लांसाठीचंच खाणं, चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत. मग वर्षाचं होईपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोनदा. पिल्लांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. दूध सोडवायला चौथ्या आठवड्यापासून सुरुवात होते आणि आठव्यापर्यंत ते सुटतं. त्याआधी आई नसलेलं पिल्लू सापडलं तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणा, गाईचं दूध नको. पाजण्याआधी पिल्लाला ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आणि पाजताना ते पालथंच हवं, तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं.

दूधभात आणि मासळी

दूधभातावर मांजर जगतं हा समज मनातून काढून टाका. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शिवाय टॉरिन नावाचा घटक त्यांना पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय निकामी होतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी मांजरांच्या हृदयविकाराचा टॉरिनशी असलेला संबंध दाखवून दिला आणि मग कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. घरात सामिष चालत नसेल तर पाकिटातलं खाणं द्या, पण मांजराला डाळभातावर ठेवू नका, ही मनापासून विनंती.

मासळी वरखाऊ म्हणून द्यावी. मिरकरवाडा बंदरातून बांगडा आणला की एक तुकडा नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून तिघांत वाटते. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा. मन्यासाठी ते होतात साधारण १५ ग्रॅम उकडलेलं चिकन. तेवढंच. कालवणातला तुकडा नको, कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. खारा बांगडा नको. कच्ची मासळी रोज नको, काही मासळीतल्या घटकामुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. कलेजी रोज घातली तर जीवनसत्त्व अ साठत जाऊन मानेची हाडं आखडतात. आणि आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक: जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. फक्त मासळीची चटक लागलेली मांजरं तेव्हा ताटलीकडे ढुंकून बघत नाहीत. मे महिन्यातच ड्राय फूडची सवय लावा. नवं खाणं आठवडा-दहा दिवसांत, जुन्यात पाव, अर्धा, पाऊण असं मिसळत वाढवायचं.

पावसाळ्यात ड्राय फूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सादळलेलं आणि वास आलेलं टाकून द्या. मुंग्या लागत असतील तर ताटली पाण्याच्या परातीत ठेवा. फ्रिजमधलं उरलेलं पाऊच कोमट करून द्या, गार खाणं मांजर हुंगून सोडतं. ड्राय फूडमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आसपासच असतं, तेव्हा पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवणापासून जरा लांब.

खात नसेल तर

मोठ्या मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, पिल्लू असेल तर त्याच्याही आधी. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि ते जिवावर बेततं. म्हणूनच जाड मांजराचं खाणं एकदम तोडायचं नाही, वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरू द्यायचं. उलट, म्हातारं मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल तर थायरॉइड, मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी रक्त द्या. फोन करताना मागच्या महिन्याचं वजन, आजचं वजन आणि काल-आज डब्यात किती ग्रॅम उरलं, एवढं सांगितलंत तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.